स्वस्त गाडीची पत

भिवंडीत गाडी घ्यायचं ठरलं की घरातले पहिले तीन प्रश्न ठरलेले असतात. ॲव्हरेज किती देते? गॅसवर मिळते का? पाच-सात वर्षांनी विकायला काढली तर किती येतील? गेल्या दहा-अकरा वर्षांत त्यांत चौथा प्रश्न आला आहे: धडक चाचणीत स्टार किती? पहिल्या तीन प्रश्नांवर मारुतीने चाळीस वर्षं आपली पत टिकवली. चौथ्याने त्याच पतीला आव्हान दिलं आणि टाटांना पुन्हा एक संधी मिळवून दिली. स्वस्त गाडी बनवणाऱ्या कंपनीबद्दल चांगलं-वाईट मत कशावरून ठरवायचं, हा वाद सध्या कुठवर आला आहे, ते इथे मांडायचं आहे.

हा प्रश्न भिवंडीतून पाहण्याला कारण आहे. मुंबईच्या लोकलचं मुख्य जाळं या शहराला बाजूला ठेवून गेलं. भिवंडी रोड स्टेशन वसई-दिवा मार्गावर आहे आणि तिथून मिळणाऱ्या गाड्या मोजक्या. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोकडे लोक अनेक वर्षं डोळे लावून आहेत. त्यामुळे ठाण्याला नोकरीला जाणारा, पूर्णा-काल्हेर-वळच्या गोदामांत सुपरवायझर असणारा, दहा-वीस यंत्रमागांचा मालक असणारा माणूस दुचाकीवरून चारचाकीकडे वळतो तो हौसेपेक्षा गरजेने. गाडी घेतली जाते ती अंजूरफाटा, राजनोली आणि माणकोलीच्या कोंडीसाठी, आणि वाडा रस्त्याच्या खड्ड्यांसाठी. पण 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, आणि आमणे भिवंडी तालुक्यातच आहे. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणारी तीच गाडी आता थोड्याच वेळात ताशी 120 किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर चढते. गाडीकडून असलेल्या दोन टोकांच्या अपेक्षा एकाच तालुक्यात समोरासमोर आल्या आहेत.

भरवसा कसा तयार झाला

मारुतीच्या आधी मुंबई-ठाण्याची गाडी म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी पद्मिनी. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, आणि मिळाल्यावर फिटरशी घरोबा ठेवायचा. मारुती उद्योग ही सरकारी कंपनी 1981 मध्ये स्थापन झाली, 1982 मध्ये सुझुकीशी करार झाला आणि 14 डिसेंबर 1983 रोजी पहिल्या मारुती 800 च्या किल्ल्या ग्राहकांच्या हाती पडल्या. तीन सिलिंडरचं 796 सीसीचं इंजिन, पुढच्या चाकांना जोर, हलकी बॉडी. सकाळी एका किल्लीत सुरू होणारी आणि घाटात उकळून न थांबणारी गाडी ही त्या पिढीला नवलाची गोष्ट होती.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. 1984 ची व्हॅन, म्हणजे पुढची ओम्नी, आणि 2000 साली आलेली ऑल्टो या दोन्हींत त्याच घराण्यातलं 796 सीसीचं इंजिन होतं. 800 उघडायला शिकलेला गल्लीतला फिटर ओम्नी आणि ऑल्टोही उघडू शकत होता. स्पेअर पार्टच्या दुकानदाराला एकच माल तीन गाड्यांना चालत होता. या गाड्या स्वस्तात घेता आल्याच, शिवाय स्वस्तात जगवता आल्या. 800 चं उत्पादन 2014 च्या जानेवारीत थांबलं आणि ऑल्टो 800 चं 2023 मध्ये, तरी तालुक्याच्या गॅरेजांत ही इंजिनं अजून उघडली जातात. ओम्नी 2019 मध्ये बंद झाली. शाळेची मुलं आणि कापडाचे तागे वाहण्याचं तिचं काम तोवर 2010 च्या इकोने उचललं होतं.

2010 मध्येच मारुतीने इको, ऑल्टो, वॅगनआरसह पाच गाड्या कारखान्यातूनच सीएनजी बसवून द्यायला सुरुवात केली. महानगर गॅसचे पंप ठाणे जिल्ह्यात पसरत गेले तसा इथल्या मध्यमवर्गाच्या हिशेबात गॅस कायमचा आला. मारुतीच्या पतीत भिवंडीसारख्या शहरांत या एका निर्णयाचा वाटा फार मोठा आहे, आणि त्याची चर्चा मात्र कमी होते.

टाटांचा उलटसुलट प्रवास

टाटांची गोष्ट महाराष्ट्राच्या अधिक जवळची. पिंपरीच्या कारखान्यात घडलेली इंडिका 1998 च्या डिसेंबरात बाजारात आली. संपूर्ण भारतीय आराखड्याची, ॲम्बेसिडरसारखी ऐसपैस आणि डिझेलवर चालणारी गाडी म्हणून लोकांनी पूर्ण पैसे भरून एक लाखाहून जास्त गाड्यांची नोंदणी केली. पहिल्या खेपेतल्या गाड्यांबद्दल तक्रारींचा पाऊस पडला. 2000-01 च्या वर्षात कंपनीला सुमारे 500 कोटींचा तोटा झाला. कंपनीने दोष सुधारून 2001 मध्ये इंडिका व्ही2 आणली आणि ती भरपूर चालली. मात्र ती टॅक्सीवाल्यांची लाडकी झाली, आणि घरच्या गाडीचा ग्राहक तिच्यापासून थोडा दूर सरकला.

मग नॅनो. 10 जानेवारी 2008 रोजी दिल्लीत तिचं दर्शन झालं, आणि एक लाखाच्या गाडीची बातमी जगभर गेली. सिंगूरच्या जमीन आंदोलनानंतर कारखाना गुजरातेत साणंदला हलला. मार्च 2009 मध्ये गाडी बाजारात आली तेव्हा दोन लाखांहून जास्त लोकांनी नोंदणी केली. 624 सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागे, एकच वायपर, मागची डिकी बाहेरून उघडत नाही, मूळ मॉडेलला एसी नाही. काही गाड्यांना आग लागल्यावर 2010 च्या नोव्हेंबरात कंपनीने आराखड्यात दोष नसल्याचं सांगत जादा संरक्षक भाग मोफत बसवून देण्याची तयारी दाखवली. साणंदची क्षमता वर्षाला अडीच लाखांची, पण सर्वांत चांगल्या वर्षातही, 2011-12 मध्ये, विक्री 75 हजारांच्या आतच राहिली. 2018 मध्ये नॅनो थांबली. तिला 'सर्वांत स्वस्त' म्हणून खपवणं चुकलं, हे रतन टाटांनी पुढे स्वतः मान्य केलं.

नॅनो चालवलेल्या लोकांची मतं मात्र तिच्या बाजारातल्या नशिबाइतकी वाईट नाहीत. वळायला सोपी, आत उंच माणसालाही जागा, पेट्रोल कमी: गल्लीबोळांच्या शहरात या गुणांना किंमत होती. तरीही दारात नॅनो उभी असणं म्हणजे दुसरी परवडली नाही असं शेजारी समजतील, ही धास्ती खरेदीदाराला होती. याच कंपनीचं 2005 चं टाटा एस, भिवंडीच्या प्रत्येक गोदामासमोर उभं असणारं 'छोटा हत्ती', तितकंच साधं आणि काटकसरीचं वाहन. ते घेताना कुणाला कमीपणा वाटला नाही, कारण ते कमावून देत होतं. दोन्हींच्या आराखड्यामागे कंपनीचे अभियंते गिरीश वाघ यांचंच नेतृत्व होतं. घरच्या गाडीची पत शेजाऱ्यांच्या नजरेतही ठरते आणि धंद्याच्या गाडीची वहीत ठरते, हा फरक नॅनोने फार महागात शिकवला.

मालकांचा हिशेब

मालक गाडीबद्दल काय म्हणतात ते ऐकलं तर मतं वाटतात तेवढी विखुरलेली नाहीत. मारुतीवाल्यांचं म्हणणं साधारण असं: डोक्याला ताप नाही, सर्व्हिसिंगचा खर्च आधीच सांगता येतो, पार्ट कुठेही मिळतो, विकायला काढली की आठवड्यात गिऱ्हाईक दारात. तक्रारीही ठरलेल्या: पत्रा हलका, हायवेवर वेगात गाडी हलकी वाटते, आत रस्त्याचा आवाज येतो. टाटावाल्यांची स्तुती नेमकी तिथेच सुरू होते: दार लावल्याचा भरीव आवाज, खड्ड्यांतून गाडी अंगावर न येणं, वेगात रस्त्याला धरून राहणं. त्यांच्या तक्रारी बारीकसारीक बिघाडांच्या, स्क्रीन आणि सेन्सरच्या, आणि त्याहून जास्त सर्व्हिस सेंटरला गाडी पुन्हा पुन्हा न्यावी लागण्याच्या. जुन्या बाजारात किंमत पडते ही त्यांची आणखी एक खंत, जरी पंचसारख्या मॉडेलांनी ती कमी केली असली.

ग्राहकांच्या समाधानाच्या जे. डी. पॉवरच्या पाहणीत 2000 पासून दशकाहून जास्त काळ मारुती सलग पहिली राहिली. तेव्हा हा भरवसा ऐकीव नव्हता. पण तो निर्दोषही नव्हता. एअरबॅग कंट्रोलरच्या शंकेवरून कंपनीने 2023 च्या जानेवारीत 17,362 गाड्या परत बोलावल्या, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये स्टिअरिंगच्या टायरॉडसाठी एस-प्रेसो आणि इको मिळून 87,599. परत बोलावणं हा ग्राहकाच्या दृष्टीने डाग की जबाबदारीची खूण, यावर मालकांतच दोन तट आहेत. मला ते दुसरं वाटतं. दोष लपवणाऱ्या कंपनीपेक्षा कबूल करणारी बरी.

ॲव्हरेजबद्दल एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. जाहिरातीतला आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत, रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगक्रमात मोजलेला असतो. ऑल्टो के10 चा आकडा लिटरमागे 24 किलोमीटरच्या वर आहे. अंजूरफाट्याच्या कोंडीत एसी लावून उभ्या असलेल्या गाडीला तो कधीच गाठता येणार नाही. त्यामुळे गाड्यांची आपसांत तुलना करायला तो उपयोगी, महिन्याचं बजेट आखायला फसवा. सीएनजीचा हिशेब वेगळा: किलोमीटरमागे खर्च वाचतो, पण टाकी डिकी खाते. 2023 मध्ये टाटांनी अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या तळाशी बसवल्या आणि डिकी मोकळी केली, तेव्हा गावी सामान नेणाऱ्या कुटुंबांनी त्याची लगेच दखल घेतली. अशा लहान सुधारणांनी बदललेली मतं कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त टिकतात.

मालकांच्या मतांची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. पाच-सहा लाख घातलेला माणूस आपला निर्णय चुकला असं सहसा म्हणत नाही. आणि बहुतेक मालकांच्या गाडीचा मोठा अपघात कधीच होत नाही. ॲव्हरेज रोज अनुभवाला येतं. गाडीचा सांगाडा किती मजबूत ते एखाद्याच क्षणी कळतं, आणि त्यानंतर मत द्यायला मालक राहीलच असं नाही.

2014 नंतर: स्टार

2014 च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्यांच्या धडक चाचणीचे निकाल जाहीर केले. ऑल्टो 800, नॅनो, ह्युंदाई आय10, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो, सगळ्यांच्या एअरबॅग नसलेल्या मॉडेलांना शून्य स्टार. बदनामी पुढे मुख्यतः मारुतीच्या वाट्याला आली, पण त्या दिवशी परदेशी आणि देशी, महाग आणि स्वस्त सगळे एकाच रांगेत होते.

या चाचणीत गाडी ताशी 64 किलोमीटर वेगाने अडथळ्यावर अशी आदळवतात की पुढच्या भागाची चाळीस टक्के रुंदीच धडकते. भारताचा सक्तीचा नियम ताशी 56 किलोमीटरचा, आणि तोही नव्या मॉडेलांना 2017 च्या ऑक्टोबरपासून, सगळ्यांना 2019 पासून लागू झाला. चालकाची एअरबॅग 2019 च्या जुलैपासून सक्तीची झाली आणि शेजारच्या सीटची त्यानंतर.

टाटांनी हा बदल ओळखला. 2018 च्या डिसेंबरात नेक्सॉन पाच स्टार मिळवणारी पहिली भारतीय बनावटीची गाडी ठरली, 2020 मध्ये अल्ट्रोझला पाच आणि टियागोला चार मिळाले, 2021 मध्ये पंचला पाच. मारुतीच्या एस-प्रेसोला 2020 मध्ये शून्य मिळाला. 2023 मध्ये वॅगनआरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एक आणि ऑल्टो के10 ला दोन. बाजारानेही कौल बदलला: 2024 या वर्षात चार दशकांनंतर प्रथमच मारुतीची नसलेली गाडी, टाटा पंच, देशात सर्वाधिक विकली गेली. पण आर्थिक वर्ष 2024-25 मोजलं तर पहिला नंबर पुन्हा वॅगनआरचाच होता. ग्राहक एका बाजूला झुकला असं म्हणण्याइतका हा कौल स्पष्ट नाही.

तीन बाजू

पहिली बाजू कंपनीची, आणि ती सर्वांत ठामपणे मारुतीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव यांनी मांडली आहे. युरोपचे निकष भारताला जसेच्या तसे लावले तर लहान गाडी महागते, आणि ज्याला ती परवडत नाही तो सुरक्षित गाडी घेत नाही, तो दुचाकीवरच राहतो. या युक्तिवादात वजन आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2022 च्या अहवालानुसार देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, आणि त्यांतली 44.5 टक्के दुचाकीवरची होती. नवराबायको आणि दोन मुलं एका स्कूटरवरून कल्याण नाक्याच्या ट्रेलरांमधून वाट काढतात, तेव्हा दोन स्टारची ऑल्टोही त्यांच्यासाठी सुरक्षेच्या दिशेने मोठं पाऊल असते.

दुसरी बाजू सुरक्षेचा आग्रह धरणाऱ्यांची. त्यांचं म्हणणं असं की जीव वाचवणारी गोष्ट जादा पैसे देणाऱ्यालाच मिळावी, हे तत्त्वच मान्य करू नये. ते दाखला देतात एस-प्रेसोचा: दक्षिण आफ्रिकेसाठी भारतातच बनलेल्या याच गाडीला 2022 मध्ये तीन स्टार मिळाले. बाहेरच्या ग्राहकाला जे देता येतं ते इथल्याला का नाही, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. सहा एअरबॅगच्या सक्तीचा मसुदा सरकारने 2022 च्या जानेवारीत काढला, मुदत पुढे ढकलली, आणि 2023 मध्ये सक्ती करणार नसल्याचं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी सांगितलं. त्याऐवजी ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप ही देशी चाचणी सुरू झाली. ती कंपन्यांना ऐच्छिक आहे.

तिसरी बाजू गाडीपेक्षा रस्ता आणि वापर यांकडे बोट दाखवते. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला तो मर्सिडीजमध्ये, आणि मागच्या सीटवर पट्टा न लावता. गाडी कितीही महाग असली तरी पट्ट्याविना तिचं संरक्षण अपुरं पडतं. मुंबई-नाशिक महामार्गाचा माजिवडा ते वडपे पट्टा रुंदीकरणाच्या कामात वर्षानुवर्षं अडकला, तिथे दुभाजक आणि वळसे बदलत राहिले. अशा ठिकाणी स्टार काय करणार, असा या लोकांचा सवाल आहे. तो रास्त आहे, पण कंपनीला जबाबदारीतून मोकळं करण्यासाठी तो वापरला जातो तेव्हा मला पटत नाही. खड्डा चुकवताना झालेल्या धडकेतही सांगाडा तेवढाच कामाला येतो.

पत्र्याबद्दलचा समज

या वादात सर्वांत जास्त गोंधळ पत्र्यावरून होतो. बॉनेटवर टकटक करून गाडीची मजबुती सांगणारे प्रत्येक नाक्यावर भेटतात. बाहेरचा पत्रा मुख्यतः आवरण असतो. धडकेचा जोर पेलतो तो आतला सांगाडा: खांब, पुढचे दांडे, तळ. त्यात कोणत्या प्रतीचं पोलाद कुठे वापरलं, यावर सगळं अवलंबून. पुढचा भाग चुरगळून जोर शोषतो तो तसा आखलेला असतो, म्हणून 'बंपर कसा चुरा झाला बघा' हा पुरावा गाडीविरुद्ध धरता येत नाही.

चाचण्यांचे तपशील वाचले तर समज आणखी हलतात. चार स्टारच्या टियागोचा सांगाडा ग्लोबल एनकॅपने 2020 मध्ये अस्थिर ठरवला होता, तर दोन स्टारच्या ऑल्टो के10 चा 2023 मध्ये स्थिर. स्टार म्हणजे सांगाडा, एअरबॅग, पट्टे आणि इतर सोयी यांची एकत्र बेरीज असते. आणि 2024 च्या नोव्हेंबरात मारुतीच्या नव्या डिझायरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच स्टार मिळाले. ज्या 'हार्टेक्ट' पायाला हलका म्हणून नावं ठेवली जात होती, त्याच घराण्यातल्या पायावर ही गाडी उभी आहे. हलकी गाडी सुरक्षित करता येते, हे त्या दिवशी मारुतीनेच सिद्ध केलं. आधीच्या गाड्यांत ते का केलं नाही, हा प्रश्नही त्यातूनच जास्त टोकदार होतो.

काय सुटलेलं नाही

किंमत आणि सुरक्षा यांचं नातं भार्गव सांगतात तितकं ताठ आहे का, हे आता तपासता येईल. ऑगस्ट 2022 मध्ये दोन एअरबॅगची ऑल्टो के10 शोरूममध्ये 3.99 लाखांपासून मिळत होती. 2025 मध्ये ऑल्टो, वॅगनआर, सेलेरिओ आणि इको या गाड्यांच्या सगळ्या मॉडेलांत सहा एअरबॅग आल्या. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला आणि हीच ऑल्टो 3.69 लाखांपासून मिळू लागली. त्यात सरकारने सोडलेल्या कराचा वाटा मोठा, हे मान्य. पण मग परवडण्याचा प्रश्न एअरबॅगपेक्षा कराचा जास्त होता का? आणि स्वस्त झालेली गाडी दुचाकीवाल्याने घेतली की आधीच एक गाडी असलेल्याने दुसरी घेतली? याचं उत्तर येत्या दोन-तीन वर्षांच्या विक्रीतून मिळेल.

दुसरी उणीव माहितीची. कोणत्या मॉडेलच्या गाडीत, किती वेगाने झालेल्या अपघातात किती माणसं दगावली, हे सरकारी वार्षिक अहवालात मॉडेलवार दिलेलं नसतं. पोलिसांनी जागेवरच अपघाताची नोंद करावी यासाठी आयआयटी मद्रासच्या मदतीने उभारलेल्या केंद्रीय डेटाबेसच्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. त्या नोंदी मॉडेलनिहाय खुल्या केल्या तर प्रयोगशाळेतले स्टार आणि रस्त्यावरचे मृत्यू एकमेकांशी जुळतात का, हे प्रथमच कळेल. कंपन्या आणि सुरक्षेचा आग्रह धरणारे, या दोन्ही पक्षांनी ही मागणी एकत्र करावी असं मला मनापासून वाटतं. सध्या दोघेही तिच्यावाचून बोलत आहेत.

तिसरा प्रश्न भिवंडीला सर्वांत जवळचा आहे आणि चर्चेत सर्वांत मागे. इथे पहिली गाडी घेणारे पुष्कळ लोक जुनी गाडी घेतात. 2012 ची वॅगनआर, 2015 ची ऑल्टो, टॅक्सीतून निघालेली इंडिका. नवे नियम, सहा एअरबॅग, भारत एनकॅप यांतलं काहीही या गाड्यांना लागू नाही. जिची रीसेल चांगली ती गाडी जास्त वर्षं रस्त्यावर राहते, म्हणजे मारुतीच्या भरवशाचं जे सर्वांत मोठं कारण, त्यानेच एअरबॅग नसलेल्या गाड्यांचं आयुष्य वाढवलं आहे. जुन्या गाडीच्या विक्रीच्या वेळी तिच्या मॉडेलचा चाचणी-निकाल आणि एअरबॅगची स्थिती खरेदीदाराला लेखी सांगावी, असा नियम करता येईल का? फिटनेस तपासणीत एअरबॅग आणि पट्टे तपासण्याची यंत्रणा तालुक्याच्या पातळीवर उभी राहील का? आमण्याच्या टोलनाक्यावरून समृद्धीवर चढणाऱ्या जुन्या गाड्यांच्या मालकांना या प्रश्नांची उत्तरं नव्या गाडीच्या स्टारपेक्षा जास्त गरजेची आहेत.